गेम कन्सोलची ‘स्वतः जोडा’ खेळणी-किटं आपल्याकडं खपतील का? दुकानात ठेवू की नको?

स्टेशनरीवाला_परभणी
नमस्कार मंडळी. परभणीत वडिलांपासूनचं स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या, चार्ट पेपर, थर्माकोल, प्रोजेक्टचं सामान आणि वरच्या फळीवर खेळणी. विषय असा की मुंबईचा एक माल देणारा मागं लागलाय, त्याच्याकडं निन्टेन्डो लाबोची किटं आहेत, सीलबंद, जुना स्टॉक. म्हणतो अर्ध्या भावात देतो, पोरं पुठ्ठा जोडून पियानो बनवतात, गाडी बनवतात आणि ते गेमला जोडून खेळतात, आजकाल आईबापाला असंच काहीतरी पाहिजे असतंय. तिकडं माझा भाचा संभाजीनगरला डिप्लोमा करायलाय, तो म्हणतो मामा तो माल घेऊ नका, त्याच पैशात आपण आपलंच पुठ्ठ्याचं किट बनवू, मोबाईल बसवायचा स्टिअरिंग वगैरे. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही. गिऱ्हाईक मात्र कळतं. पण हा माल नेमका कोण घेणार ते डोळ्यासमोर येईना म्हणून विचारायलाय. खपेल का हो असलं काही?

नांदेडी_गेमर
दादा लाबोचं नाव काढलं म्हणून लॉगिन झालो 😄 माझ्याकडं आहे व्हरायटी किट, मावसभावानं दुबईहून आणलेलं. आधी वस्तू काय ते सांगतो मग खपण्याचं बघू.

निन्टेन्डो ही जपानची गेमची कंपनी, तिनं लाबो जानेवारी २०१८ ला जाहीर केलं आणि २० एप्रिल २०१८ ला जपान-अमेरिकेत बाजारात आणलं. खोक्यात पुठ्ठ्याचे छापील तक्ते, दोऱ्या, रबरं, चमकणारे स्टिकर आणि गेमचं एक कार्ड. तक्त्यातून तुकडे दाबून काढायचे, स्विचच्या (म्हणजे निन्टेन्डोच्या गेम खेळायच्या मशिनच्या) स्क्रीनवर दाखवतंय तसं घड्या घालायच्या. कात्री नको, फेविकॉल नको. व्हरायटी किटमधी छोट्या गाड्या, मासे धरायची गळ, घर, मोटरसायकलचं हँडल आणि पियानो. दुसरं रोबोचं किट, पाठीवर बॅग अडकवायची, हातापायाच्या दोऱ्या ओढल्या की स्क्रीनवरचा रोबो चालतो. नंतर सप्टेंबर २०१८ ला गाड्यांचं किट, एप्रिल २०१९ ला व्हीआरचं (डोळ्याला लावून बघायचं).

डोकं कुठं लावलंय ते पियानोत बघा. त्याला १३ पट्ट्या आहेत, प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाला चमकणारा स्टिकर. स्विचचा उजवा जॉयकॉन (म्हणजे सुट्टा निघणारा रिमोट) पियानोच्या पाठीमागून आत खुपसायचा, त्याच्या बुडाला इन्फ्रारेड कॅमेरा असतो. तुम्ही पट्टी दाबली की तिचा स्टिकर वर उचलला जातो आणि कॅमेऱ्याला दिसतो, तो सूर वाजतो. पियानोत एक वायर नाही, एक सेल नाही. गाडी तर अजून भारी, तिला मोटरच नाही. दोन्ही बाजूला जॉयकॉन अडकवले की त्यांच्या थरथरण्यावरच ती पुढं सरकती, डावा जास्त थरथरला की गाडी वळती. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास नुसता जमिनीवर पालथा पडून ती गाडीच बघत होतो.

शंकासुर
सगळं खरं हो गेमर भाऊ, पण परभणीत किती घरात स्विच आहे? निन्टेन्डो स्वतः इथं स्विच विकतच नाही, जो येतो तो दुबई-सिंगापूरवरून बॅगेत नाहीतर मुंबईच्या दुकानातून जास्तीचे पैसे मोजून. ज्याच्याकडं मशिनच नाही तो त्याच्या पुठ्ठ्याचं काय करणार, चूल पेटवणार?

स्टेशनरीवाला_परभणी
म्हणजे ते किट घेतलं आणि स्विच नसला तर काहीच होत नाही?

नांदेडी_गेमर
काहीच नाही दादा. जोडायची कृतीसुद्धा मशिनच्या स्क्रीनवरच आहे, कागदी पुस्तक नाही. माल देणारानं हे सांगितलं नाही का?

स्टेशनरीवाला_परभणी
तो म्हणला “सोबत मोबाईलवर पण चालतंय”. 🙂

पुण्यातला_बीडकर
मोबाईलवर चालत नाही हो! आणि अजून एक गोम सांगतो जी तो माल देणारा मेला तरी सांगणार नाही. सप्टेंबर २०१९ ला स्विच लाइट निघाला, त्याचे रिमोट सुट्टे निघत नाहीत, म्हणजे लाबो बाद. आणि जून २०२५ ला स्विच २ आला, तो आकारानं मोठा, पुठ्ठ्याच्या खाचेत बसत नाही, शिवाय त्याच्या नव्या जॉयकॉनमधून इन्फ्रारेड कॅमेराच काढून टाकलाय. म्हणजे आता हे किट फक्त जुन्या स्विचवाल्याच्या कामाचं. भारतात जुना स्विच असलेला, त्यात लहान लेकरू असलेला, त्यात पुठ्ठा जोडायची हौस असलेला आणि त्यात परभणीच्या बाजारात खरेदीला येणारा... मी एवढं टाइप करेपर्यंत गिऱ्हाईक संपलं.

आता तिकडं हे कसं खपलं ते पण बघू कारण विषय तोच आहे. पहिल्या तिमाहीत, म्हणजे जून २०१८ संपेपर्यंत, लाबोची १३.९ लाख किटं विकली. कुणाला हा आकडा मोठा वाटेल. पण तेव्हाच स्विच जवळपास दोन कोटी घरात पोचलेला होता, निन्टेन्डोचे गाजलेले गेम कोटीच्या हिशोबात जातात, आणि जाहीर झालं तेव्हा तर गाजावाजा असा की आता खेळण्याचा धंदाच बदलणार. किंमत व्हरायटी किटची ७० डॉलर, रोबोची ८०. तेव्हाच्या भावानं साडेचार-पाच हजार, आणि इथं येईपर्यंत अजून वर. शेवटी २०१९ च्या व्हीआर किटनंतर नवं किट आलंच नाही. कंपनी तिथंच थांबली यातच काय ते आलं.

दोन_लेकरांची_आई (लातूर)
मी गेम खेळत नाही, पण विकत घेणारी मीच असते म्हणून लिहिते. माझं पहिलं म्हणणं, हे असलं जोडून झालं की ठेवायचं कुठं? तो पियानो, ते घर, ती गळ. आमच्या दोन खोल्या आणि एक हॉल, त्यात मोठ्याच्या नीटच्या पुस्तकांची थप्पी दिवाणाखाली मावत नाही. शाळेचा पुठ्ठ्याचा ज्वालामुखी अजून कपाटावर आहे, टाकू म्हणलं की धाकटी रडती.

दुसरं, लातुरात दहावीपर्यंतच्या पोरांचं वेळापत्रक बघा. शाळा, ट्यूशन, परत ट्यूशन. खेळण्यावर चार-पाच हजार म्हणलं तर माझा नवरा पहिला प्रश्न विचारणार, “ह्याचा उपयोग काय?” पण तेच दीड-दोनशे रुपयाचं असलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन दुपारी लेकरू गप बसणार असलं तर मी दोन घेईन, एक बहिणीच्या पोराला. दुपारी १२ ते ५ बाहेर सोडता येत नाही इथं, ऊन बघताय ना. तेवढ्या वेळात मोबाईल मागू नये एवढंच माझं मागणं आहे आणि तुम्ही तर मोबाईलच त्यात बसवायचा म्हणताय!

नांदेडी_गेमर
@दोन_लेकरांची_आई ताई तुमचा मुद्दा पटला पण एक सांगू का, माझी पुतणी चौथीत आहे, तिनं गळ जोडली. जोडताना तिनं स्क्रीनकडं बघितलं ते फक्त पुढची घडी कोणती ते बघायला. रिळाला एक पुठ्ठ्याची जीभ असती, फिरवलं की कट्कट् वाजती. ती जीभ तिनं उलटी बसवली, आवाजच येईना, मग सगळं खोलून परत लावली. मासे धरायचा गेम मात्र दोन दिवसात बोर झाला तिला. गळ अजून घेऊन फिरती, बाल्कनीतून खाली सोडती.

शंकासुर
हेच तर मी म्हणायलो. मजा जोडण्यात आहे, गेम भुक्कड. मग गेमचे पैसे कामून द्यायचे? आम्ही लहानपणी ज्वारीच्या चिपाडाच्या बैलगाड्या करायचो, बाभळीचा काटा टोचला की जोड झाला. रुपया लागला नाही.

पुण्यातला_बीडकर
आली का चिपाडाची गाडी! मला वाटलंच होतं 😂 शंकासुर भाऊ, ती गाडी फुकट होती म्हणूनच तिचा धंदा झाला नाही. इथं दुकानदार विचारायलेत, त्यांना बिल फाडायचंय.

आणि ‘गेम भुक्कड’ म्हणणं थोडं अन्याय आहे. लाबोत गॅरेज म्हणून भाग होता, त्यात ‘असं झालं तर असं कर’ अशा चौकटी रेघांनी जोडून स्वतःचं खेळणं बनवता यायचं. लोकांनी त्यात गिटार केल्या, काय काय केलं. तो भाग इतका चांगला की पुढं २०२१ ला निन्टेन्डोनं नुसता तोच धागा धरून गेम बिल्डर गॅरेज नावाचा वेगळा गेम काढला, पुठ्ठ्याशिवाय. अडचण ही की गॅरेजपर्यंत पोचणारं पोरगं शंभरात किती.

मास्तर_अंबाजोगाई
थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

गेमला प्रत्यक्ष खेळणं जोडून विकायचा हा पहिला प्रयत्न नव्हे. स्कायलँडर्स २०११ मध्ये आले, बाहुली एका पाटावर ठेवली की ती गेममध्ये अवतरते. तुफान चालले. ते पाहून डिस्नेने २०१३ मध्ये इन्फिनिटी काढले आणि २०१६ मध्ये गुंडाळले. लेगोने २०१५ मध्ये डायमेन्शन्स काढले, ते २०१७ मध्ये संपवले. युबीसॉफ्ट या गेम कंपनीने २०१८ मध्ये स्टारलिंक नावाने जोडायची अवकाशयाने आणली, पुढच्याच वर्षी नवी खेळणी काढणे बंद केले. प्रत्येक वेळी खेळणी दुकानात पडून राहिली, कारण खेळण्याचा जीव गेमवर अवलंबून, आणि गेमचा जीव मशिनवर. मशिन बदलले की फळीवरचा माल मेला. तुमच्यासारख्या दुकानदाराचा धोका नेमका इथे आहे. वही जुनी झाली तरी वहीच असते, हा माल तसा नाही.

आता उलट बाजू. आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत काम केलेले अरविंद गुप्ता सर आठवा. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यातून त्यांनी भूमितीचे सांगाडे उभे केले, आगपेट्या, स्ट्रॉ, जुन्या चपला यातून शेकडो खेळणी केली आणि सगळी कृती लोकांना फुकट दिली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या जिल्हा परिषद शाळेत मी ती खेळणी दरवर्षी करून घेतो. मुलांना हाताने करायचा कंटाळा आलाय हे मला मान्य नाही. खेळणे तुटले तर ते आपल्याला परत करता येईल, हा भरवसा त्यांना हवा असतो. लाबोचा पुठ्ठा फाटला तर? निन्टेन्डोने नमुने डाउनलोडला ठेवले होते हे त्यांचे चांगले, पण तसा पुठ्ठा तसाच कापणे घरी जमत नाही.

आणखी एक. ज्या शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे (नीती आयोगाची योजना, २० लाखांपर्यंत अनुदान, सहावी ते बारावी), तिथे असे किट वर्गाला म्हणून जाऊ शकते. घरोघर विकण्यापेक्षा चार शाळा धरा.

खोकेवाला
नमस्कार, माझा चिकलठाणा एमआयडीसीत कोरुगेटेड बॉक्सचा छोटा युनिट हाय. कंपन्याला पार्ट पाठवायचे खोके करतोव. भाच्याचं म्हणणं वाचून राहवलं नाही. पुठ्ठ्याचं किट करणं म्हणजे नुसतं खोकं कापणं नव्हं, लोकाला लई सोपं वाटतंय.

खोक्याच्या पुठ्ठ्यात मधी जी लाटंची घडी असती तिला फ्लूट म्हणतेत. घडी फ्लूटच्या आडवी आली तर पुठ्ठा तुटल्यावानी मोडतो, वर कागदाला सुरकुत्या. फ्लूटच्या रेषंत आली तर घडी गुळगुळीत येती पण त्या बाजूनं तो भार सोसत नाही, वाकतो. म्हणून स्टिअरिंगचा दांडा, हात धरायची बाजू, खाच, समदं कोणत्या दिशेनं बसवायचं हे आधी ठरवाव लागतं. आमच्या साध्या खोक्याला जो ‘बी’ नावाचा फ्लूट असतो तो ३ मिलिमीटरच्या आसपास जाड, लेकराच्या हातानं त्याच्या बारीक घड्या होणार न्हाईत. ह्याला ‘ई’ नावाचा फ्लूट पाहिजे, दीड मिलिमीटरचा. वरून छपाई पाहिजे तर छापील कागद चिकटवायचा.

मग डाय, म्हणजे कापायचा साचा. प्लायवूडमधी लेझरनं चर पाडून त्यात पोलादी पट्ट्या ठोकतेत, कापायची पट्टी धारेची, घडीची पट्टी बोथट. तुकडा तक्त्यातून पडू नये पण लेकरानं अंगठ्यानं दाबला की निघावा, त्यासाठी धारेच्या पट्टीला मधी मधी बारीक खाचा ठिवाव्या लागतेत. लई ठिवल्या तर काढताना पुठ्ठा फाटतो, कमी ठिवल्या तर गाडीतच सुटे होऊन खोक्यात कचरा होतो. डायचा खर्च एकदाच, पण तो शंभर किटावर टाका का हजारावर, त्याच्यावरच भाव. शंभरासाठी डाय करू नका, त्यापेक्षा लेझर कटिंगवाल्याकडं द्या, कडंला जळका डाग येतो तेवढा सोसा.

आणि पावसाळा. जुलै-ऑगस्टात पुठ्ठा दमट होतो, घट्ट बसलेली खाच ढिली पडती. दुकानात वरच्या फळीवर पत्र्याच्या जवळ ठिवू नका.

स्टेशनरीवाला_परभणी
खोकेवाला भाऊ, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी तर घरच्या टीव्हीच्या खोक्यावर भाच्याला कटर घेऊन बसवणार होतो.

पुण्यातला_बीडकर
एक कायद्याचं पण बघून ठेवा दादा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षाखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. परदेशी खेळण्यावर कस्टम २०२० ला २० चा ६० टक्के केला, २०२३ ला ७० टक्के. म्हणून ‘अर्ध्या भावात जुना स्टॉक’ ऐकलं की मला आधी बिल मागावंसं वाटतं. तो म्हणेल हा व्हिडिओ गेम आहे, खेळणं नाही. म्हणू द्या, पण बिलावर लिहून घ्या. माल तुमच्या दुकानातून उचलला तर तो मुंबईत बसून फोन पण उचलणार नाही. भाच्याच्या किटला पण हेच लागू, घरगुती म्हणून गृहीत धरू नका, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा.

शंकासुर
बरं मोबाईलच्या स्टिअरिंगचं काय? त्याला तरी ॲप लागणार ना, ते कोण बनवणार, भाचा?

नांदेडी_गेमर
ॲपची गरजच नाही! फोनवरचे बरेच कार रेसिंगचे गेम फोन तिरका केला की वळतात, फोनच्या आतला सेन्सर ते ओळखतो. म्हणजे फोन मधोमध घट्ट बसवलेलं पुठ्ठ्याचं चाक एवढंच पाहिजे. लेकरू चाक फिरवतं, फोन फिरतो, गाडी वळती. ब्रेकसाठी स्क्रीनवर बोट लावावं लागतं, तर तिथं चॉकलेटची चांदी चाकाच्या कडेपासून स्क्रीनच्या कोपऱ्यापर्यंत चिकटवायची. अंगठा कडेच्या चांदीवर दाबला की स्क्रीनला बोट लागल्यासारखं कळतं. मी करून बघितलंय, चांदीला सुरकुती असली तर कधी लागतं कधी नाही, त्यामुळं किटमधी तांब्याची चिकटपट्टी द्या, ती भरवशाची.

याचा फायदा बघा. मशिन नवीन आलं, जुनं गेलं, काही फरक नाही. गेम फुकट. आणि मास्तर म्हणले तसं फाटलं तर घरी परत करता येतंय, चाकच आहे.

दोन_लेकरांची_आई (लातूर)
म्हणजे परत मोबाईलच. 🙏

नांदेडी_गेमर
ताई चाक जोडायला दीड-दोन तास जातील, रंगवायला अजून तेवढेच!

दोन_लेकरांची_आई (लातूर)
रंगवायचं असेल तर वरून चकाचक छापू नका मग, कोरं द्या. आणि दादा, खोक्यात बंद ठेवलं तर मी बघणार पण नाही. एक जोडून गल्ल्याजवळ ठेवा, पोरांच्या हाताला लागेल असं. धाकटीनं एकदा फिरवून बघितलं की मला पर्स उघडावीच लागती, तुम्हाला काही बोलायची गरज नाही. मराठीत कृती लिहा, चित्रं मोठी. मागं एका दुकानातून इंग्रजी कागदाचं किट आणलं होतं, शेवटी रात्री मीच बसून जोडलं आणि दोन तुकडे उरले.

मास्तर_अंबाजोगाई
फोनऐवजी सुरुवातीला चाकात एखादी जड फरशी ठेवून वर्गात खेळवता येईल का असा विचार करतोय. विनोद नाही करत. आमच्या निम्म्या मुलांच्या घरी एकच फोन, तो वडिलांबरोबर शेतात. किटच्या खोक्यात फोन नसला तरी चालेल असा एक खेळ द्या. चाकाखाली दोरी, दोरीला गोटी, पुठ्ठ्यावर काढलेला रस्ता, चाक फिरवून गोटी रस्त्यावर ठेवायची. बाजारातला प्रत्येक गिऱ्हाईक फोनवाला धरू नका.

शंकासुर
मास्तर हे चाललं तर मी पण एक घेतो. चिपाडाच्या गाडीशेजारी ठेवीन.

स्टेशनरीवाला_परभणी
सगळ्यांचे आभार. मुंबईवाल्याला आज नाही म्हणून कळवलं, तर लगेच भाव अजून खाली आणला, म्हणजे पडूनच असणार त्याच्याकडं. लाबो नको. भाच्याला म्हणलं आधी पन्नास चाकं लेझरवर कापू, कोरी, मराठी कागद, तांब्याची पट्टी, आणि मास्तरांचा गोटीचा रस्ता तक्त्याच्या मागच्या बाजूला. पण विकायच्या आधी उद्योग केंद्रात जाऊन आयएसआयचं विचारून येतो, तोवर गल्ल्याजवळ नुसता नमुना ठेवीन. भाव दीडशेच्या आत बसला तरच पुढं. दिवाळीला नाही, मार्चच्या शेवटी काढू, परीक्षा संपता संपता. खोकेवाला भाऊ, ई फ्लूटचे तक्ते तुमच्याकडं मिळतील का, सुट्टे?

खोकेवाला
मिळतील की. पन्नासासाठी नवा रोल लावणार न्हाई पण उरलेले तक्ते असतेत, ते देतो वजनावर. शुक्रवारी आमच्याकडं लाईट नसती, शनिवारी या. भाच्याला संगं आणा आन जो फोन बसवायचा तो बी आणा, खाचेचं माप नुसतं तोंडी सांगू नका.

नांदेडी_गेमर
कव्हर घालून माप घ्या दादा. आपल्याकडं कव्हरशिवाय फोन कोण वापरतंय.